पडकई फेडायला गेलेली हिरा

हिरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खोडदला लेकीकडं होते. जावयानं तळेघरपर्यंत सोडलं, पुढं वाडीपर्यंत चालत गेले. दारात इतकी माणसं, की माझ्याच घरात शिरायला मला वाट मागावी लागली. हिरा माझी नणंद. परत आल्यापासून बावीस वर्षं ती या वाडीत राहिली आणि यातलं एकही माणूस तिच्या भाताच्या खाचरात उतरलं नव्हतं. मेल्यावर मात्र खांदा द्यायला चढाओढ…

आमच्याकडं आवणीला, म्हणजे भात लावायला, मजूर लावत नाहीत. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या तुमच्या. याला पडकई म्हणतात. ज्यानं आपल्या चिखलात दिवस घातला, त्याचा दिवस फेडायचा. हिरा पंधरा वर्षांची होती, त्या आवणीला शेजारच्या शेवंताची कोणी लांबची मावशी आली. न बोलावता आमच्या खाचरात उतरली, दिवसभर वाकून रोपं लावली, आमच्यात बसून नाचणीची भाकर खाल्ली. जाताना म्हणाली, "वयनी, पुण्याला माझ्या घरी लगीन हाय. माझा दिवस ऱ्हायला तुमच्याकडं. पोरीला धाडा चार दिवस, भांड्याला."

सासू नव्हती. नवरा म्हणाला, तू बघ. मी पाठवलं. अनोळखी बाईबरोबर पाठवलं नसतं, पण आपल्या चिखलात उतरलेली बाई अनोळखी कशी, असं मला वाटलं. हिरानं विचारलं, "वयनी, चारच दिवस ना?" मी म्हणाले, चारच.

ती अकरा वर्षांनी आली. तिला विकलं होतं. चार दिवसांनी ती आली नाही म्हणून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, तेव्हा तिथल्या माणसानं सांगितलं होतं, पळाली असंल कुणाबरोबर. तिकडचं ती माझ्याशी एकदाच बोलली. "येणाऱ्या माणसांना सांगायची मी, मला घरी जायचंय म्हणून. ऐकून घ्यायचे ते, वयनी… आन मग दार लावायचे." वाडीनं हिराला नावं ठेवली. दार लावणाऱ्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. ते आपापल्या घरी जेवायला गेले असतील.

भावानं तिला एक खाचर दिलं. आवणीला ती सगळ्यांच्या बांधावर जाऊन उभी राहायची. "तू बस हिराबाई, दमशील," असं म्हणत बाया तिला चिखलाबाहेरच ठेवायच्या. कोणी तिचा दिवस घेतलाच नाही, मग फेडायला कोण येणार? पहिल्या वर्षी मीसुद्धा गेले नाही. लेकीचं लग्न जमायचं होतं. दुसऱ्या वर्षापासून आम्ही दोघीच लावायचो.

मागं एकदा एक बाई हॉटेलच्या कामाला पोरी मागत शेवंताच्या घरी बसली होती. हिरा न बोलावता आत गेली. "तिथल्या एका पोरीला फोन लाव. मला बोलू दे तिच्याशी." बाई चहा अर्धा टाकून उठली. शेवंता चिडली, "हिराबाई, तुला सगळीकडं तुझंच दिसतं."

"व्हय. तुझ्या पोरीला दिसाया नको."

शेवंताची पोरगी आज अवसरीला शिकते. शेवंता हिराच्या खाचरात तरीही आली नाही.

हिराच्या मागं यंदाची आवणी आली. रोपं तिनंच वाढवली होती. सकाळी बघते तर सगळी वाडी तिच्या बांधावर, शेवंता पुढं. "वयनी, आज पडकई तुमच्याकडं."

मी म्हणाले, "माझ्याकडं मागनं या. हे हिराचं खाचर हाय. हितं तुमचा कुणाचा दिवस नको."

"झालं गेलं, वयनी."

"झालं न्हाई. तुमी केलं. मीबी केलं."

सगळे माघारी गेले. मी एकटीच उतरले. रोपं लावताना माणूस मागं मागं सरकतं. हिरा नेहमी वाटेच्या कडेनं सुरुवात करायची, म्हणजे शेवटपर्यंत तोंड वाटेकडं राहतं आणि वाडीत कोण नवं येतंय ते दिसतं. तीन दिवस लागले मला. मी तोंड वाटेकडंच ठेवलं.