स्थळ बघायला गेले आणि दूर्वाला घेऊन आले

गोव्याला जातेय म्हटल्यावर ऑफिसातल्या मंडळींनी मला एक मोठ्ठी टोपी भेट दिली आणि काजूच्या ऑर्डरी नोंदवल्या. मी निघाले होते डिचोली तालुक्यातल्या पाळीला, खाणींच्या पट्ट्यात. तिथे समुद्र नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात, लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरवर चालणाऱ्या संशोधनात काम करते. म्हणजे डॉक्टर संशोधन करतात आणि मी फोन करते. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची आणि औषध तिथेच सोडायचं, म्हणजे बाकी अंगाला त्रास कमी. अशाने किती डोळे वाचतात, वाचलेले किती टिकतात, हे आम्ही बघतोय. त्यासाठी उपचारांनंतरही मुलाला भूल देऊन पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. चार वर्षांच्या दूर्वाच्या अशा दोन तपासण्या चुकल्या होत्या आणि आईबाबांचे फोन बंद होते. गाठ परतली असेल आणि उशीर झाला, तर गोष्ट डोळ्यापुरती राहत नाही. गरज पडल्यास घरी यायला त्यांनी आधीच संमती दिली होती. मी सरांना ऐटीत म्हटलं, मी जाते. आपल्याला माणसांशी बोलता येतं, असा माझा समज आहे. (नावं बदलली आहेत, आणि हे दूर्वाच्या आईला विचारून लिहितेय.)

पुण्याहून रात्रीची बस सकाळी म्हापशाला सोडते. शुक्रवार असेल तर बाजारामुळे स्टँडवर माणसांपेक्षा टोपल्या जास्त. पातळ भाजी, गरम पाव आणि चहा शंभराच्या आत होतो. तिथून डिचोलीची बस, मग साखळीची, मग रिक्षा. पाळी जवळ आली की रस्त्याकडेची झाडं लाल धुळीने माखलेली दिसतात.

गावात आजाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा आमचा नियम. म्हणून दुकानातल्या बाईंना मी सांगितलं, सप्तकोटेश्वराचं देऊळ बघायला आलेय.

"तां नार्व्याक आसा," त्या म्हणाल्या. "तुमी हय खय?"

देऊळ दुसऱ्याच गावात निघालं आणि एवढ्यातच माझी गुप्त मोहीम संपली. घाईघाईने मी संतोषची, म्हणजे दूर्वाच्या बाबांची, चौकशी केली. बाई मूळच्या कुडाळकडच्या, संतोषही तिकडचाच. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, त्याच्या धाकट्या भावासाठी, दिनेशसाठी, स्थळ घेऊन आलात का? मी हो म्हटलं. त्या क्षणी तेच सोपं वाटलं. मग खुर्ची आली, चहा आला, दिनेश कसा निर्व्यसनी आहे ते आलं. मुलगी काय शिकली म्हणून विचारल्यावर मी एक भाची तयार केली आणि तिला बी.कॉम. करून टाकलं. त्या भाचीच्या पुण्याईने कळलं की खाणीवरचं काम थांबल्यावर ते कुटुंब पेडण्याला, मोपा विमानतळाच्या बाजूला गेलं आणि संतोष तिथे टिपर, म्हणजे माती वाहायचा ट्रक, चालवतो. बाईंनी पत्ता दिला, आणि वर दिनेशला फोनही लावला.

मुक्काम डिचोलीला केला. संध्याकाळी नार्व्याला जाऊन आले, निदान एक तरी बोललेलं खरं व्हावं म्हणून. देऊळ शांत आहे, सवडीने जा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हापसामार्गे पेडणे, पुढे रिक्षा. दारात इस्त्रीचा शर्ट घालून दिनेश उभा. आत शिऱ्याचा वास. दूर्वाची आई मानसी हसत बाहेर आली आणि मला ओळखून तिचा चेहरा उतरला. मी सगळं कबूल केलं. दिनेशने सभ्यपणे मान हलवली, स्कूटर काढली आणि निघून गेला. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मानसी म्हणाली, दोन वेळा चुकवल्यावर नाव कापलं असेल, मग कुठल्या तोंडाने यायचं? मी म्हटलं, नाव आहे, आणि नसतं तरी डोळा तपासायलाच हवा. तिने शिऱ्याची बशी माझ्यापुढे ठेवली. दूर्वा मागच्या पडवीत मांजराच्या पिल्लाशी खेळत होती. वातावरण हलकं करावं म्हणून मी तिचा फोटो काढायला फोन उचलला. मानसीने झटकन कॅमेऱ्यावर हात ठेवला.

"फ्लॅश नको."

मग तिने सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी एका बारशात कुणीतरी फोटो काढला, त्यात दूर्वाचा उजवा डोळा पांढरा चमकला होता. आजार पहिल्यांदा कळला तेव्हाही असाच चमकला होता. तिने फोटो पुसला, संतोषलाही सांगितलं नाही, आणि नव्या गावात रेंज मिळत नाही असं त्याला सांगून दोघांच्या फोनमधली कार्डं बदलून घेतली.

"डॉक्टरान बघल्यान तर काढतलो," ती म्हणाली. "नाय बघल्यान तर डोळो आसा थय रवतलो."

बसमध्ये मी आकृत्यांसकट भाषण पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. एवढंच सांगितलं की बऱ्या झालेल्या गाठीचा व्रणही पांढरा चमकतो आणि परतलेली गाठही, फोटोवरून कुणालाच कळत नाही.

"काढूचो लागतलो?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण डोळा गेला तरी दूर्वा राहायला हवी ना?"

ती उठून आत गेली. आपण सगळं घालवलं, असं समजून मी पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला. ती संतोषला फोनवर सगळं सांगत होती आणि मधेच रडत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पिशवी होती.

संतोष कामावरून तसाच आला आणि त्याच रात्रीच्या बसने आम्ही चौघं पुण्याला निघालो. घाटात दूर्वाला उलटी झाली आणि ऑफिसच्या टोपीचा एकमेव उपयोग झाला.

तपासणीत कळलं, चमकत होता तो जुना व्रण. पण त्याच्या कडेला एक अगदी बारीक नवा ठिपका होता. त्याच भुलीत त्यावर लेसर केलं. डोळा राहिला. त्याने किती दिसेल, ते ती मोठी होत जाईल तसं कळेल.

काजू आणायचे राहिले, म्हणून ऑफिसात अजून टोमणे खाते. खाणीच्या वाटेवरची लाल धूळ चपलांतून निघाली नाही. आणि फोन बंद लागला की 'हे लोक विसरतात' असं जे मी पटकन म्हणायचे, ते आता तोंडातून निघत नाही.

परवा दूर्वा पुढच्या तपासणीला आली. नवीन ठिपका नव्हता. भूल उतरल्यावर ती भयंकर चिडली आणि सगळा वॉर्ड गोळा होईल इतक्या जोरात रडायला लागली. मी खेळणं घेऊन धावले. मानसीने मला हाताने थांबवलं.

"रडांदे तिका," ती म्हणाली. "दोनय डोळ्यांनी रडता ती."