प्रॉम्प्टरचा अर्ज

वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देण्याची योजना ज्या कुणी लिहिली, त्याने आयुष्यात एकही नाटक विंगेतून पाहिलेलं नसणार, हे पैजेवर सांगता येईल. पाहिलं असतं तर अर्जात ‘कला सादर करतानाचे तीन फोटो, चेहरा स्पष्ट दिसेल असे’ हा रकाना आलाच नसता, आणि कुजबुजे काकांना त्या रकान्यापाशी तासभर पेन चावत बसावं लागलं नसतं.

कुजबुजे हे काही त्यांचं आडनाव नव्हे, ते मंडळीने पाडलेलं नाव. एका फिरत्या नाटक मंडळीत ते अडतीस वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टूल टाकून, मांडीवर वही घेऊन बसायचं. नट अडखळला की पुढचा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवायचा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू द्यायचा नाही. नट नुसता श्वास घ्यायला थांबलाय की खरंच कोरा झालाय, हे काकांना त्याच्या पाठीवरून कळायचं. एवढ्या वर्षांत एकाही प्रेक्षकाने त्यांना पाहिलं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता.

पुढे मंडळी बंद पडली, काकू गेल्या. उरली ती भाड्याची एक खोली, एक खाट आणि भिंतीला लावून रचलेल्या वह्या. घरमालकाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. मानधन मंजूर झालं तर खोली टिकणार होती, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून भाचीकडे. भाची मनाने चांगली. “मामा, त्या वह्या रद्दीत घाला आणि या निघून,” असं ती दोनदा म्हणाली होती. तिचं बोलावणं खरं होतं, पण रद्दीची गोष्ट काकांच्या घशाखाली उतरत नव्हती.

कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज उलटापालटा केला.

“कलाप्रकार काय लिहिलाय हा? प्रॉम्प्टर? यादीत नाही.” त्याने बोट खाली खाली नेलं. “नट, गायक, वादक, जादूगार, पक्ष्यांचे आवाज काढणारे... तुम्ही ‘इतर’मध्ये या. आणि हा फोटो कुणाचा?”

फोटोत राजाच्या वेषातला एक नट तलवार उपसून उभा होता.

“डावीकडे बघा,” काका म्हणाले. “पडद्याच्या कडेला कोपर दिसतंय ना? ते माझं.”

“कोपराला मानधन देता येत नाही हो, काका.”

कारकून तसा वाईट नव्हता. यंदा एकच जागा शिल्लक आहे, समितीपुढे कला करून दाखवा, फोटोचं मग कुणी विचारत नाही, असं त्याने हळूच सांगितलं.

मुलाखतीच्या दिवशी कार्यालयाच्या बोळकंडीत कलेला नुसता ऊत आला होता. एका गृहस्थांच्या बासरीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. आत समिती म्हणून तिघे बसले होते. अध्यक्षांचा कलेशी संबंध फिती कापण्यापुरता. अधिकारी गेल्याच महिन्यात गटारांच्या खात्यातून बदलून आलेले, आणि तिकडचं काम बरं होतं असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं. तिसरे नाट्यतज्ज्ञ, म्हणजे अध्यक्षांचे साडू.

काकांच्या आधीचा नंबर महाराजांचा होता. महाराज म्हणजे फोटोतला तो तलवारवाला, मंडळीचा कायमचा राजा. मुलाचं तीन मजली घर, खाली भरभराटीचं दुकान. मुलापासून विभक्त राहतो असा दाखला त्यांनी जोडला होता. विभक्त म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. पैसा त्यांना नकोच होता, नावाखाली ‘शासनमान्य ज्येष्ठ कलावंत’ एवढं छापायला हवं होतं.

दार उघडंच होतं आणि काका दाराशीच बाकावर बसले होते. महाराजांनी छाती काढून राजाचा संवाद सुरू केला. “प्रधानजी, राज्य गेलं याचं दुःख नाही...”

आणि थांबले. अडतीस वर्षं ते इथेच थांबत आले होते. काकांनी पाठ पाहिली. महाराज पार कोरे झाले होते.

काकांना सगळं कळत होतं. महाराज इथे आडवे झाले की जागा आपली, खोली आपली. करायचं काहीच नव्हतं, फक्त तोंड मिटून बसायचं होतं, आणि ते तर कुणालाही जमतं. पण डोकं एवढा हिशेब मांडेपर्यंत ओठांनी आपलं काम उरकलं होतं.

“...दुःख याचं, की निरोप द्यायला कुणी उरलं नाही.”

महाराजांनी शब्द झेलला आणि असे गरजले की अधिकारी जागे झाले. “या वयात ही स्मरणशक्ती!” साडू म्हणाले. अध्यक्षांनी टाळी वाजवली. बाकावर काकांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मग त्यांना आत बोलावलं.

“हं, दाखवा करून,” अध्यक्ष म्हणाले.

“समोर कुणीतरी अडखळावं लागतं, साहेब.”

“आणि नाही अडखळलं तर?”

“तर मी गप्प बसतो.”

“म्हणजे काही न करणं ही तुमची कला?”

तिघेही पोट धरून हसले. आत्ताच तुमच्यादेखत करून दाखवली, असं काका म्हणू शकले असते. पण प्रॉम्प्टरने आपल्या नटाला उघडं पाडायचं नसतं. हा नियम कुठल्याच शासन निर्णयात सापडत नाही, म्हणून समितीला तो ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

पंधरा दिवसांनी शिक्क्यानिशी पत्र आलं: ‘अर्जदाराने समितीसमोर कोणतीही कला सादर केली नाही.’

महिनाअखेरीला सकाळी काका खोलीला कुलूप लावत होते. वह्या आदल्या दिवशीच रद्दीवाल्याने नेल्या होत्या. तेवढ्यात महाराज जिना चढून आले, हातात एक कागद.

“कुजबुज्या, परवा सत्कार आहे माझा. आभाराचं भाषण करायचंय. तू जरा पडद्यामागे उभा राहा.”

काकांनी कागद वाचला. अध्यक्षांचे आभार होते, साडूंचे होते, सूनबाईंचे होते, मंडपवाल्याचेसुद्धा होते. ते वाचता वाचता त्यांनी सवयीने खिशातली पेन्सिल काढून तीन ठिकाणी खुणा केल्या.

“इथे, इथे आणि इथे अडकाल.”

“म्हणून तर तू हवास.”

“मला नाही जमायचं, महाराज.” काकांनी ते सरकारी पत्र उघडून त्यांच्यापुढे धरलं. “मी कोणतीही कला सादर करत नाही. सरकारने लेखी दिलंय.”

महाराजांनी पत्र वाचलं. मग एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा पिशव्यांकडे, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पुढचा शब्द काही त्यांना सापडेना. काकांना तो ठाऊक होता. त्यांनी पिशव्या उचलल्या आणि काही न बोलता जिना उतरायला लागले.