मंत्र पुरा होईपर्यंत

सुशीलाआक्का फासे पितळी फुलपात्रात हलवायची, ते जाजमावर पालथं घालायची आणि उचलायच्या आधी आमची तोंडं बघायची. कोण घाबरलंय, कोण कंटाळलंय, हे तिला फाशांच्या आधी कळायचं. इतकी वर्षं शाळेत गणित शिकवून लागलेली सवय असणार. आक्का जाऊनही आता बराच काळ झाला.

शहापुरात आमची घरं एकाच बोळात होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिचा धाकटा भाऊ विलास अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट टाकून परत आला. काय झालं ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. दिवसभर माडीवर पडून असायचा. त्याच्या पेटीत एका खेळाचं पुस्तक आणि बऱ्याच पैलूंचे चमत्कारिक फासे निघाले. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. ते जमलं की फसलं, हे फासे ठरवणार. आक्कानं विचारलं म्हणून विलासनं तिला तो समजावून सांगितला. परत आल्यापासून एवढं सलग तो पहिल्यांदाच बोलला होता.

पुढच्याच रविवारी दुपारी तिनं मला आणि शेजारच्या बसवराजला माडीवर बोलावलं. मी खडेबाजारातल्या एका बँकेत नुकताच लागलो होतो, बसवराज वीज खात्यात होता. गोष्ट सांगायची आक्का. मी झालो तलवारबाज, बसवराज चोर आणि विलासअण्णा जादूगार.

सुरुवातीला त्याचा जादूगार काडी पेटवण्यापुरताच होता. पण गोष्ट पुढे सरकली तशी त्याची विद्या वाढत गेली. मी तलवार उपसेपर्यंत त्यानं समोरची फौज जाळलेली असायची. कुलूप दिसलं की बसवराज सरसावून बसायचा, तोवर विलासअण्णाच्या एका शब्दानं दार उघडलेलं. पुस्तकातले नियमच तसे होते. एका रविवारी बसवराज आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आक्का त्याच्या घरी गेली, तेव्हा आपण तिथं नुसता चहा प्यायला येतो, असं त्यानं सांगून टाकलं. तरी तिच्या शब्दाखातर तो पुन्हा यायला लागला.

"नियम माणसांनीच केल्यात. बदलायला काय हुतंय?" हे आक्काचं नेहमीचं बोलणं. तिच्या वर्गातल्या एका मुलीला घरी हातमागाच्या कांड्यांवर सूत भरायला लवकर जावं लागायचं आणि गणिताचा तास नेमका शेवटी. आक्कानं हेडमास्तरांशी वाद घालून तो तास सकाळी घेतला होता. पण इथं तिचा हात अडखळत होता. तिनं मला चांगली तलवार देऊन पाहिली. काही फरक पडला नाही. मग तिनं जादू न लागणारे राक्षस आणले. त्या दिवशी विलासअण्णा हळूहळू गप्प होत गेला आणि रात्री जेवला नाही. त्याची विद्या काढावी तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार. न काढावी तर आम्ही उठून जाणार आणि तो एकटाच उरणार.

शेवटी तिनं ही अडचण त्याच्याच पुढ्यात ठेवली, आमच्या देखत. तो बराच वेळ फासे बोटांनी फिरवत राहिला.

"जादूगाराची ताकद काढू नगं, आक्का," तो म्हणाला. "त्याला कुणाची गरजच न्हाय, तिथं चुकतंय. त्याला कुणाची तरी गरज लाव."

नवा नियम त्या दोघांनी मिळून केला. जादूगारानं मंत्र सुरू केला की तो पुरा होईपर्यंत त्याला हलता येणार नाही, हात उचलता येणार नाही. मंत्र जेवढा मोठा, तेवढा वेळ जास्त. त्या वेळात त्याला कुणी धक्का लावला की मंत्र मोडला. मग बाकीच्यांनी त्याच्याभोवती उभं राहायचं.

त्यानंतरचे रविवार मी विसरलो नाही. विलासअण्णा खरोखरच डोळे मिटून बसायचा. मी समोरून वार झेलायचो, बसवराज मागची बाजू राखायचा. एकदा फासे कसेबसे आमच्या बाजूनं पडले आणि मंत्र पुरा झाला. डोळे उघडून विलासअण्णा मला म्हणाला, "बरं सांभाळलास रं." आक्का चहा आणायला म्हणून उठली आणि लवकर वर आली नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. झाडपाल्याचं झालं, दवाखाना झाला. दवाखान्यात आक्का शाळेच्या वह्या मांडीवर घेऊन त्याच्या उशाशी बसलेली असायची, तपासलेली एकही नसायची. तो गेला तेव्हा ती रडली नाही. लोकांना पाणी विचारत राहिली.

दिवसकार्य झाल्यावर आलेल्या रविवारी जावं की नाही, आम्हाला कळेना. तरी गेलो. तिनं जाजम अंथरलं होतं. आमची गोष्ट मध्येच थांबलेली होती. एका किल्ल्याच्या बुरुजात जादूगार मंत्र म्हणत बसलाय, बाहेरून शत्रू रेटतोय आणि आम्ही दोघं दाराला पाठ लावून उभे. गोष्ट सांगणारी आक्काच होती. तिनं मंत्र पुरा झाला म्हटलं असतं, तरी आम्ही मान डोलावली असती.

आता पुढं काय, असं बसवराजनं हळूच विचारलं. आक्का विलासअण्णाच्या जागेकडं बघत राहिली.

"दार सोडा आता," ती म्हणाली. "मंत्र पुरा व्हायचा न्हाय." आणि तिनं पदर तोंडावर घेतला.

आम्ही तिथंच बसून राहिलो. मग बसवराज म्हणाला, "सोडलं, आक्का."