कराचीच्या पाट्या

पाट्या रंगवणाऱ्याकडे किस्से साठतातच. जुना पत्रा खरवडायला घ्या, एका नावाखाली दुसरं नाव निघतं आणि त्याच्यामागे एक भांडण किंवा एक लग्न तरी असतंच. माझी उमेदीची वर्षं उल्हासनगरच्या कॅम्पात पाट्या रंगवण्यात गेली. राहायला मी अंबरनाथला. सकाळी डबा आणि ब्रश सायकलला लावायचे, की दिवसभर कॅम्प तीनमध्ये. फाळणीनंतर सिंधी मंडळी नुकतीच येऊन लष्कराच्या जुन्या बराकींत राहिली होती, आणि जो तो दुकान थाटत होता. नाव काय लिहू विचारलं, की दहातले सात जण म्हणायचे, "कराची!"

*

एकदा माझे मामा साताऱ्याहून मला भेटायला आले. कराची टेलर, कराची बेकरी, कराची सायकल मार्ट, कराची हेअर कटिंग अशा पाट्या वाचत वाचत बिचारे गल्लीच्या टोकाला आले, तिथं मी शिडीवर. खालूनच घाबऱ्या आवाजात म्हणाले, "बाळ्या, मी कल्याणलाच उतरलो ना रे? का गाडी पुढं गेली?"

*

टहिलराम चहावाल्यानं मात्र मला चक्रावून सोडलं. त्यानं मजकूर सांगितला: 'कराची टी हाऊस, बंदर रोड, टॉवरच्या मागे.'

मी म्हटलं, "शेठ, हा पत्ता तर तुमच्या तिकडच्या दुकानाचा. गिऱ्हाईक इथं टॉवर शोधत बसेल!"

"साईं, पाटी गिऱ्हाईकासाठी नाही. माझ्या बहिणीसाठी आहे."

कराची बंदरावर रेटारेटीत तो मुंबईच्या बोटीत चढला, आणि बहीण रुक्मिणी ओख्याला जाणाऱ्या बोटीत. त्यानंतर पत्ता नाही. कॅम्पात पुष्कळांनी असाच आपला जुना मोहल्ला पाटीवर लिहून घेतला होता. कुणीतरी वाचेल, कुणाला तरी सांगेल, एवढीच आशा. पाटी वाचून कुणी नवखा आला, की टहिलराम आधी चहा द्यायचा आणि मग विचारायचा, "कुठल्या बोटीनं आलात?"

खाली त्याच मजकुराची ओळ त्याला सिंधीत हवी होती. त्यानं कागदावर लिहून दिली. मी आपला डावीकडून ऐटीत मोठी मोठी अक्षरं काढत निघालो. उजव्या टोकाला जागाच उरली नाही, म्हणून शेवटचा शब्द कसाबसा कोंबला. टहिलरामनं पाहिलं आणि हसतच सुटला. सिंधी उजवीकडून वाचतात! माझा शेवटचा शब्द म्हणजे त्याचा पहिला, 'कराची', तोच मुंगीएवढा झालेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा करून देतो म्हटलं.

"राहू दे," तो म्हणाला. "माझी बहीण जवळ येऊन वाचेल."

*

बदलापूरच्या जोशीकाकूंना मी एकदा मिठाईच्या दुकानात नेलं. अर्थात दुकानाचं नाव कराचीच. काकूंचा जन्म कराचीतला. तिथं मराठी माणसं कितीतरी होती, गणपतीसुद्धा बसायचे, हे कॅम्पात कुणाला सांगितलं की पटायचं नाही. नऊवारीतल्या काकूंनी फर्ड्या सिंधीत हलवा मागितला, तशी गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली.

एकजण सांगत होता, कराचीत ट्राम पेट्रोलवर चालायची. मला वाटलं, ही शुद्ध थाप! काकू म्हणाल्या, "खरंय ते. वास यायचा बाई." मग त्यांनी मिठाईवाल्याला विचारलं, "तुम्ही कराचीत कुठल्या गल्लीत?"

तो गोरामोरा झाला. "मी शिकारपूरचा, माई. कराची मी बोटीत चढताना पाहिली, तेवढीच!"

*

कॅम्पात सुकट विकायला येणाऱ्या कोळणीला टहिलराम रोज भावावरून छळायचा. एकदा बढाई मारत त्यानं सांगितलं, की कराची हे नाव म्हणे कुणा कोलाची नावाच्या कोळणीवरून पडलं, तिच्याच वाडीचं पुढं एवढं मोठं बंदर झालं.

बाईनं टोपली खाली ठेवली. "मंग ती तर आमचेतलीच! आता घासाघीस करू नको."

त्या दिवसापासून त्यानं केली नाही.

*

आणि हा शेवटचा. पाटी लागून चारेक वर्षं झाली असतील. बोटीबद्दल विचारणं टहिलरामनं सोडलं नव्हतं, पण हल्ली विचारताना तो गिऱ्हाइकाकडे बघायचा नाही, कपच विसळत राहायचा. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

एका दुपारी मी समोरच्या दुकानाची पाटी रंगवत शिडीवर होतो. खाली एक बाई वळकटी घेऊन आली. टी हाऊसच्या पाटीपाशी थांबली, वाचलं, आणि एकदम तडकली. मला तोवर सिंधी बऱ्यापैकी कळायला लागलं होतं.

"कुठल्या आंधळ्यानं लिहिलंय हे? टॉवरच्या मागे कुठं? दुकान टॉवरच्या समोर होतं!"

माझी पाचावर धारण बसली.

आतून कप विसळता विसळता टहिलराम ओरडला, "मागेच होतं! बाजारातून येणाऱ्याला मागेच!"

"आणि बंदरावरून येणाऱ्याला?"

"बंदरावरून कोण मरायला येत होतं चहाला?"

"बाबा यायचे! रोज!"

आतलं विसळणं थांबलं. टहिलराम ओल्या हातांनी बाहेर आला. बाईनं वळकटी खाली टाकली, पण पाटीकडे रोखलेलं बोट काही खाली घेतलं नाही.

टहिलरामनं मान वर करून मला हाक मारली.

"पेंटर भाऊ, ब्रश आण. 'समोर' लिही."