तळ्यातलं ऊन

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. हल्ली रोज सकाळी गॅलरीत बसून मी जलरंगात चित्रं काढतो. ब्रश पाण्यात बुडवला की श्वास आपोआप संथ होतो आणि तासभर दुखरे गुडघेही आठवत नाहीत. आज पितळी तांब्या रंगवला. त्यावरची चमक दाखवायला रंग लागत नाही, तेवढा कागद कोरा सोडायचा असतो. हे मला सत्तरीनंतर कळलं.

सातवीतल्या मंदाला ते तेव्हाच कळलं होतं. मी गणिताचा मास्तर. शाळेने चित्रकलेचे तासही माझ्याच गळ्यात मारले होते. तिच्या चित्रातलं तळं मधेच कोरं दिसलं.

"हे कोण भरणार, तुझे वडील?"

"सर, तिथं ऊन पडलंय."

वर्ग हसला, मीही हसलो आणि तिला तिथं निळा रंग फासायला लावला. पुढे वर्षभर तिने चित्राची वही आणलीच नाही.

मागे मंडईत भेटली. हसून लेकीला म्हणाली, "नमस्कार कर, हे आमचे सर." मी फक्त "सुखी राहा" म्हणालो. म्हणायचं होतं ते वेगळंच: मंदा, तुझं चित्र बरोबर होतं. मला माफ कर.