दसऱ्याची फैर

ती घटना आठवली की आधी मला माझीच लाज वाटते. आरोपी कबूल झाला होता आणि मी त्यावर खूश होतो.

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. मी पाटोद्याकडे फौजदार होतो. दसऱ्याच्या संध्याकाळी जवळच्या एका गावचा पोलीस पाटील धापा टाकत ठाण्यात आला. गावातल्या किराणा दुकानदारानं पोटच्या मुलाला गोळी घातली, अशी खबर. दुकानदाराला सगळे अप्पा म्हणत.

अप्पांकडे निजामाच्या काळातलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. दर गोळीआधी हातानं घोडा चढवायचा, मग चाप ओढायचा. शस्त्रपूजा झाली की अप्पा अंगणातून आकाशाकडे एक फैर झाडत आणि मगच गाव सीमोल्लंघनाला निघे. त्या दिवशी त्यांनी डाव्या हाताच्या आधारानं घोडा चढवला आणि हात वर जायच्या आधीच गोळी सुटली. शेजारी पूजेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या मुलाच्या मांडीत ती घुसली.

मुलाला बीडच्या दवाखान्यात हलवलं, पंचनामा केला, हत्यार सील केलं. गाव बोलायला टपलेलंच होतं. आदल्या दिवशी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मुलाला किराणा मोडून रंगीत टीव्हीचं दुकान टाकायचं होतं. अप्पांना समोर बसवून विचारलं, तर त्यांनी मान खाली घातली.

"साहेब, मनात लई राग व्हता. बोटानं काय केलं मला ठाऊक न्हाई. मीच मारलं असंल. लिवा तुमी."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण फौजदाराला ती गोड लागते. मी खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ कलम लावून मोकळा झालो. खटकलं ते सहीच्या वेळी. अप्पांना पेन धरवेना. दोन वर्षांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. असल्या बोटानं तो दणकट चाप ओढला कसा?

हत्यार घेऊन मुख्यालयात हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मोररकडे गेलो. त्यानं ते रिकामं केलं, घोडा चढवला आणि चापाला नुसतं बोट लावलं. खट् झालं. आतली स्प्रिंग मूळची नाही, कुणीतरी नरम बसवलीय, फुंकर लागली तरी सुटेल, असं तो म्हणाला. दोन दिवस चौकशी केल्यावर स्टोव्ह आणि कुलुपं दुरुस्त करणारा एक कारागीर सापडला. दरडावायची वेळच आली नाही. काम त्याचंच होतं आणि हत्यार अप्पांच्या मुलानं आणून दिलं होतं.

अप्पांना घेऊन मी दवाखान्यात गेलो.  मुलाला बापावर कुठलं कलम लागलंय हे सांगितलं, तेव्हा त्याचा बांध फुटला.

"अप्पा, मागच्या साली तुमची फैर झाली न्हाई. गावासमोर मान खाली घालून घरात गेलता तुमी. म्हनून मीच स्प्रिंग बदलून आनली. सांगितलं असतं, तर तुमी हात लावला नसता."

अप्पांनी मुलाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मंग साहेब, मी रागानं मारलं न्हाई?"

"नाही," मी म्हणालो.

ते मुलाच्या उशाशी बसून हमसून हमसून रडले. माझेही डोळे भरून आले, आणि बरोबरचा शिपाई उगाच खिडकीबाहेर बघत राहिला.

पुढे कलम बदलून निष्काळजीपणाचं झालं. निकालानंतर आर्मोररनं मूळ ताकदीची स्प्रिंग बसवली आणि अप्पांनी परवाना आपणहून जमा केला. माणूस केलेला गुन्हा लपवतो, हे मला ठाऊक होतं. न केलेला गुन्हाही तो खऱ्या मनानं कबूल करतो, हे अप्पांनी शिकवलं. कबुलीवर मी तपास मिटवला असता, तर कोर्टानं पुढं काहीही ठरवो, तो बाप मरेपर्यंत स्वतःला मुलाच्या जिवावर उठलेला समजत राहिला असता.