बाबांनी सरळ केलेली बेस गिटार

बेस गिटारच का, असं कोणी विचारलं की मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं कारण एवढंच, की ती वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही. गाणारा पुढे असतो, लीड गिटारवाला त्याच्या शेजारी केस उडवत असतो. बेसवाला मागे उभा राहून चार जाड तारांवर आपलं काम करतो. तो थांबला तरच लोकांना वाटतं, काहीतरी गेलं. मला ही जागा फार आवडली.

हिंजवडीतल्या नोकरीला तेव्हा वर्ष झालं होतं. बंगलोरला निघालेल्या एका सहकाऱ्याकडून मी त्याची जुनी बेस घेतली आणि धायरीच्या आमच्या फ्लॅटवर आणली. आईनं ती उचलून बघितली आणि म्हणाली, "वजन चांगलं आहे. घरात चोर शिरला तर उपयोगी पडेल." बाबांनी मात्र चष्मा लावला.

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. केसाएवढ्या फरकावरून माल परत पाठवायचा, हे त्यांचं काम. मग कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि बाबांनी व्हीआरएस घेतली. घेतली म्हणजे घ्यावी लागली. त्याच सुमारास मला नोकरी लागली. सकाळी सिंहगड रस्त्यावर कंपनीच्या बससाठी आधी बाबा उभे राहायचे, आता मी उभी राहू लागले.

तेव्हापासून आई आणि मी त्यांच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होतो. त्यांनी केलेला चहा पाणचट झाला तरी "मस्त" म्हणायचो. त्यांनी बसवलेलं कपाटाचं दार घासायचं, तरी आम्ही ते हळूच उचलून लावायचो. ते हे सगळं ओळखत होते की नाही, मला ठाऊक नाही.

बेसची कडा माझ्या उजव्या हाताला कोपराखाली रुतायची. बाबांनी एकदा तिथला लाल वळ बघितला. दुसऱ्या दिवशी मला गॅलरीत स्टुलावर बसवून, हात गिटारवर ठेवायला लावून त्यांनी लाकडावर पेन्सिलनं खूण केली. मग तीन-चार दिवस कानस, पॉलिश पेपर आणि लाखेचा वास. कडा अशी उतरली की हात तिथे आपोआप विसावायचा. मग त्यांनी शिसवीचा एक छोटा ठोकळा घोटून अंगठा टेकायला बसवून दिला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घुमी मुलगी. बाबांशी माझं बोलणं "जेवलात का"च्या पुढे क्वचितच जायचं. गॅलरीत मात्र मी "हे काय?" विचारायचे आणि ते सांगायचे. कानशीचेही प्रकार असतात, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

एका शुक्रवारी मी ऑफिसातून आले तर ते सोफ्यावर पेपर उघडून बसले होते. पेपर सकाळचाच होता.

"बघ जरा," ते म्हणाले.

गिटारच्या खालच्या टोकाला चार छोटे लोखंडी तुकडे असतात. प्रत्येकावर एक तार टेकते. आमच्या बेसवर ते एकमेकांच्या मागेपुढे, ओबडधोबड बसवल्यासारखे दिसत. बाबांनी ते काढून रॉकेलमध्ये धुतले होते, गंज घासला होता आणि चारही तुकडे एका रेषेत आणून बसवले होते.

"कोणी बसवलं होतं कोण जाणे. रेषेची काही ओळखच नाही. आता पट्टी लावून बघ."

मी पट्टी लावून बघितली. खरंच तसूभर फरक नव्हता. हे असं नसावं, अशी मनात एक शंका आली. पण त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी असा दिसत होता.

"मस्त झालंय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोथरूडला आमची प्रॅक्टिस होती. ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात आमचा बँड वाजवणार होता. खालच्या पट्ट्यांवर सगळं ठीक वाटत होतं. गिटारच्या मानेवर हात वरच्या पट्ट्यांकडे सरकवला की मात्र सूर चढा लागायचा. लीड गिटारवाला माझ्याच टीममधला. त्यानं वाजवणं थांबवलं आणि वाकून बघितलं.

"अगं, हे असं लाइनीत कोणी उभं केलं? परेड आहे का?"

"दुकानात दिली होती," मी म्हणाले.

"कोण गाढव आहे तो?"

सगळे हसले. मीही हसले.

"आण इकडे, दहा मिनिटांत करून देतो."

"नको," मी म्हणाले आणि बेस पिशवीत घातली.

रिक्षातून घरी येईपर्यंत मी हिशेब मांडत होते. वरच्या सुरांवर जायचंच नाही. त्या गाण्यात तशी एकच जागा होती, ती गाळली असती तर कोणाला कळलं नसतं. लीड गिटारवाल्याला करू दिलं असतं, तर बाबांना एका नजरेत दिसलं असतं की आपलं काम कोणीतरी मोडलंय. न सांगता राहणं मला चांगलं जमतं. आयुष्यभर तेच तर केलं होतं.

दार बाबांनीच उघडलं. "काय म्हणाले तुझे लोक?"

मी पिशवी खाली ठेवली. "बाबा, जरा इथं बसा. ऐकायचंय."

"मला काय कळतंय त्यातलं? राग काय नि कारखान्याचा भोंगा काय, मला एकच."

"कान नको. काटा बघा."

मी सूर तपासायचा ट्यूनर लावला आणि मोकळी तार छेडली. काटा मधोमध उभा राहिला. मग तीच तार बरोबर मध्यावर दाबून छेडली. तोच सूर एक सप्तक वर लागायला हवा होता, पण काटा उजवीकडे झुकला. जाड तारेला सगळ्यात जास्त. बाबांनी मला पुन्हा करायला लावलं. मग आणखी एकदा.

"तार खराब असेल."

"नाही."

"हे यंत्र?"

"नाही, बाबा."

ते काट्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी बिघडवलं."

"अहो, तसं नाही," आतून आई घाईघाईनं म्हणाली, "ती काय म्हणतेय की..."

"तिला बोलू दे."

"हो," मी म्हणाले. माझा आवाज बारीक झाला होता. "ते मागेपुढेच असतात. जाड तारेला लांबी जास्त लागते. मला काल शंका आली होती, पण मी बोलले नाही."

"का?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"टूलरूममध्ये अशी वागली असतीस, तर पहिल्याच दिवशी घरी धाडली असती."

ते उठले. मला वाटलं, खोलीत जाऊन दार लावतील. ते गॅलरीत गेले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आले.

"धर. वाजव."

ते पाव फेरा फिरवायचे, मी तार पुन्हा सुरात लावायचे, छेडायचे, दोघं मिळून काटा बघायचो. जाड तारेचा तुकडा ओळीतून जसजसा मागे सरकत गेला, तसतसा काटा मध्यावर येत गेला. मध्येच ते थांबले आणि तारेचं टोक नखानं दाबून बघू लागले. "जाड तार टोकाला वाकायला तयार नसते. तेवढा तुकडा हलतच नाही. म्हणून हिला मागे न्यायचं." हे ते मला सांगत नव्हते, स्वतःलाच समजावत होते. पण त्यांचा आवाज परत आला होता, पूर्वी जेवताना कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे तेव्हाचा.

दोन तारा झाल्यावर मी म्हणाले, "बाबा, त्यांना मी सांगितलं की दुकानात दिली होती."

स्क्रूड्रायव्हर थांबला. "मग?"

"तो म्हणाला, गाढव आहे."

"कोण?"

"दुकानवाला."

बाबांनी विचार केला. "बरोबर बोलला. पण त्या दुकानवाल्याला कशाला शिव्या खायला लावतेस? त्याचा काय संबंध?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वाजव. तिसरी राहिलीय."

पुढच्या शनिवारी गाण्यातली वरची जागा मी घेतली. ती स्वच्छ लागली. लीड गिटारवाल्यानं मान वळवली.

"या वेळी कुठे दिलीस?"

"घरीच. बाबांनी केलं," मी म्हणाले. "मागच्या वेळीही त्यांनीच केलं होतं."

तो कानापर्यंत लाल झाला. "सॉरी गं. मला खरंच..."

"तू बरोबर बोललास म्हणाले ते," मी सांगितलं, आणि पुढचं गाणं कुठलं ते विचारलं.